आकडा ठरेपर्यंत वाजवू नये

३ मार्च, सोमवार. सकाळी.

नवं काम मिळालं. मिळालं म्हणजे मी मागायला गेलो नव्हतो, ते चालत आलं. काल ताईचा फोन होता. भाऊजी जाऊन वर्ष झालं, त्यांची ती जॅझच्या रेकॉर्डींची खोली अजून तशीच आहे, आणि एप्रिलअखेर ताईला लिफ्ट असलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचंय. गुडघे. तिथे एवढ्या रेकॉर्डी मावणार नाहीत. विकायच्या तर किंमत काय धरायची हे कोणीतरी जाणकाराने बघायला हवं. ताई म्हणाली, तू बघशील का?

बघशील का! सव्वीस वर्षं विमा कंपनीत मोटारींचा सर्व्हेअर होतो. ठोकलेली गाडी लांबून बघून सांगायचो, बंपरचे इतके, दरवाज्याचे इतके, आणि पार्टी खोटं बोलतेय. किंमत ठरवायला नजर लागते, वस्तू कुठलीही असो. जॅझ मी ऐकलेलं नाही हे खरं. पण ठोकलेल्या गाड्यांतून मी फिरायलाही कधी गेलो नव्हतो.

(कंपनी मी तत्त्वासाठी सोडली. त्यांनी फोटोवरून डेंट मोजणारं ॲप आणलं. मी म्हटलं, इथे एक तर ते ॲप राहील नाहीतर मी. ॲप राहिलं.)

बायकोला बातमी सांगायला गेलो तर तिने डबा भरून ठेवलेला. रोज जा, म्हणाली. जमलं तर आजच जा. तिचा माझ्यावरचा विश्वास वाढलेला दिसतो.

संकल्प: दहा दिवसांत रिपोर्ट.

४ मार्च, मंगळवार.

साइटवर अकराला पोचलो. दोन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रेकॉर्डी उभ्या. खिडकीशी भाऊजींची खुर्ची, शेजारी बुटकं स्टूल, समोर प्लेअर. खुर्चीच्या उजव्या हातावरचं कापड एका जागी विरलंय. घसारा नोंदवला. मग लक्षात आलं, खुर्ची विकायची नाहीये.

ताई चहा घेऊन आली ती स्टुलावर बसलीच. मी पहिली रेकॉर्ड काढली तशी सांगायला लागली, ही घेतली तेव्हा ह्यांनी बसचे पैसेसुद्धा त्यात घालवले, मग आम्ही दोघं घरापर्यंत चालत आलो आणि वाटेत माझी चप्पल तुटली. तिला नम्रपणे सांगितलं की पाहणी चालू असताना पार्टीने साइटवर थांबायचं नसतं. सव्वीस वर्षांचा नियम आहे. पार्टी बोलायला लागली की सर्व्हेअर विरघळतो. ताई बरं म्हणाली आणि कप ठेवून गेली.

एक फळी बघून झाली. मग उठलो. मला बसून काम जमत नाही. खोलीत फेऱ्या मारल्या, बाल्कनीत गेलो. समोरच्या इमारतीला रंग देत होते. खरवडल्याशिवाय देत होते. खाली जाऊन तसं सांगून आलो, त्यांना पटलं नाही, परत एकदा सांगून आलो. तोवर एक वाजला.

६ मार्च, गुरुवार.

पहिला हिशोब तयार. गाडीला दरवर्षी घसारा लागतो, तोच तक्ता इथे लावला. रेकॉर्डी साठ-साठ वर्षांच्या. किंमत शून्याच्या खाली गेली. म्हणजे शास्त्राप्रमाणे, कोणी त्या घेऊन जाणार असेल तर ताईने त्याला वरून पैसे द्यायला हवेत.

ताईला सांगितलं. ती आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभरात तिला असं हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, हसण्यावारी नेऊ नकोस, हे गंभीर आहे. ती आणखी हसली. म्हणाली, हे असते तर त्यांना फार आवडलं असतं. भाऊजींना माझं काम आवडायचं हे मला माहीत नव्हतं.

बायको म्हणाली, इंटरनेटवर बघा की. मी ते बघणारच होतो.

१० मार्च, सोमवार.

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. इंटरनेटवर ताईकडे आहे तशीच एक रेकॉर्ड सापडली. निळं कव्हर, चष्मेवाला माणूस, तोंडात सॅक्सोफोन. विकणाऱ्याने लावलेल्या किमतीत एक बरी सेकंडहँड गाडी येते. चालती. आणि भाऊजींकडे चष्मेवाल्यांचीच दीड फळी आहे! बिनचष्म्याचे वेगळे.

हॉलमध्ये फेऱ्या मारत गुणाकार केला. बायको सोफ्यावर पेपर वाचत होती, मी आलो की पाय वर घ्यायची. शेवटी पाय वर घेऊनच बसली. तिचं म्हणणं, कोणी किंमत लावणं वेगळं आणि त्या किमतीला कोणी घेणं वेगळं. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. तिला बाजार कळायचं काही कारण नाही.

तसाच ताईकडे गेलो आणि नियम घालून दिले. रेकॉर्डींना हात लावायचा नाही. धूळ झटकायची नाही. मुख्य म्हणजे आकडा ठरेपर्यंत एकही वाजवायची नाही, कारण प्रत्येक वेळी सुई थोडं खाते. ताईला अकराच्या चहाबरोबर एक बाजू ऐकायची सवय आहे, भाऊजी होते तेव्हापासूनची. सवय काय, मोडता येते. तरी मोह नको म्हणून प्लेअरची वायर काढून माझ्या बॅगेत टाकली. ताई बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुला जास्त कळतं.

हे वाक्य ताईने मला जन्मात पहिल्यांदा म्हटलं. म्हणून लिहून ठेवतोय.

१२ मार्च, बुधवार.

रेकॉर्डींची जगभर एक ठरलेली प्रतवारी असते हे समजलं. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. एकदम सोपं. मी टोकाचा माणूस नाही, सगळ्यांना सरसकट गुड दिलं. अर्ध्या तासात तीन फळ्या उडवल्या. मला स्वतःला कंपनीत साहेबांनी दरवर्षी गुडच दिलं होतं, एकदाही खाली आलो नाही. त्या शब्दाची किंमत मी जाणतो.

ताईने दारातूनच विचारलं, जेवायला येतोस का, गरम आहे. म्हटलं, डबा आणलाय. डबा खोलीतच उभ्याने खाल्ला. वेळ वाचतो.

आज दहावा दिवस. दहा दिवस म्हणजे कामाचे दहा दिवस. शनिवार-रविवार धरत नाहीत.

१७ मार्च, सोमवार.

गंभीर प्रकार उघडकीला आला. रेकॉर्डच्या मधोमध कागदी लेबल असतं, त्याच्याभोवती एक गुळगुळीत पट्टा असतो. त्या पट्ट्यावर कोणीतरी टाचणीने आकडे आणि अक्षरं खरवडली आहेत. आधी वाटलं, एखादीवर असेल. बघतो तर सगळ्यांवर! प्रत्येकीला जबर कपात लावली.

संशय घ्यायचा कोणावर? घरात माणसं दोनच. ताईला आडून विचारलं, भाऊजी शेवटी शेवटी जरा... काही खरवडत वगैरे बसायचे का? ताई म्हणाली, त्यांनी आयुष्यात रेकॉर्डला बोट लावलं नाही, कडेने धरायचे, अशी, दोन तळव्यांमध्ये. आणि तळवे पुढे करून दाखवायला लागली. म्हटलं, नंतर दाखव, आता लिंक तुटते. हात तसेच धरून ती थोडा वेळ उभी होती.

२० मार्च, गुरुवार.

आजचा दिवस माझा. ओरखड्यांचा माझ्याइतका अभ्यास कोणाचा नसेल. गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घालवायचं पॉलिश घरात होतं, अर्धी बाटली. कापसाने, हलक्या हाताने, गोल गोल. सगळ्यात भारी अशा सात रेकॉर्डी निवडल्या, सगळे चष्मेवाले. इतक्या चमकल्या की त्यांत बघून भांग पाडावा. दीडपट किंमत धरायला हरकत नाही.

संकल्प: ही युक्ती कोणाला सांगायची नाही.

२५ मार्च, मंगळवार.

ताईने मला न विचारता जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानदाराला बोलावलं. साठीचा माणूस, केस मागे रबरबँडने बांधलेले. मी त्याचं नाव पोनीवाला ठेवलंय. आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायला. परक्याच्या घरात कसं वागावं हे काही लोकांना शिकवलेलंच नसतं.

विचारतो, ऐकल्या का? म्हटलं, ठोकलेल्या गाडीचा सर्व्हे करताना आम्ही ती चालवून बघत नाही. तो म्हणाला, पण ह्या ठोकलेल्या नाहीयेत.

मग त्याने माझे कागद चाळले. म्हणे ह्या धंद्यात गुड म्हणजे जेमतेम वाजणारी, खरखर सहन करायची तयारी असेल तरच घ्यावी अशी. गुड म्हणजे! हे कोणी ठरवलं त्याला एकदा माझ्यासमोर आणा. आणि साहेबांना हे ठाऊक होतं का?

पुढे म्हणे ते पट्ट्यावरचे आकडे कारखान्यातच कोरलेले असतात. रेकॉर्ड पहिल्या छपाईची की नंतरची ते त्यावरून कळतं, आणि घेणारे आधी तेच बघतात. मी म्हटलं, म्हणूनच मी ते एकूण एक टिपून घेतलेत. घेतले होतेच. पुरावा म्हणून.

मग त्याने पॉलिशवाल्यांतली एक काढली. उजेडात धरली. वास घेतला. भाऊजींच्या खुर्चीत जाऊन बसला. ताई म्हणाली, त्यांच्यावर माझ्या भावाने फार मेहनत घेतली आहे. तो म्हणाला, दिसतंय.

जाताना सांगून गेला, बाकीच्या वाजवून बघा, एका बाजूला वीसेक मिनिटं लागतात, बसून ऐकायचं फक्त. 'बसून' ह्या शब्दावर त्याने उगीचच जोर दिला.

२८ मार्च, शुक्रवार.

ताईला सांगितलं, कामाचा भाग म्हणून आज एक वाजवणार आहे. बॅगेतून वायर काढली. ताईने केस विंचरले, बिस्किटं बशीत मांडली, दोन कप चहा आणला आणि स्टुलावर बसली. मी खुर्चीत.

सुई टेकली. आधी नुसती खरखर, मग सगळे एकदम. सोसायटीची मीटिंग भरावी, प्रत्येकाला आपलंच म्हणणं मांडायचं असावं आणि अध्यक्ष आलेलेच नसावेत, तसं. ड्रमवाला मागे बसून झाडल्यासारखा आवाज काढत होता. ताईने डोळे मिटले होते. मी उठून पंखा कमी केला. बसलो. पंखा वाढवला. पाणी पिऊन आलो. पडदा एका बाजूला जास्त सरकला होता, तो सारखा केला. बिस्किट खाल्लं, दुसरं खाल्लं, बशी थरथरत होती म्हणून आत ठेवून आलो. आत गेलोच होतो तर नळ घट्ट केला.

परत आलो तेव्हा ताई उभी होती. तिने सुई उचलली आणि म्हणाली, राहू दे, तुला काम आहे.

तेच तर सगळ्यांना सांगतोय. मला काम आहे.

१ एप्रिल, मंगळवार.

उपाय सापडला! असे उपाय ॲपला सुचतील का? प्लेअरला दोन वेग आहेत, तेहतीस आणि पंचेचाळीस. ह्या मोठ्या रेकॉर्डी तेहतीसवर लावायच्या असतात. पण खरखर असेल तर ती कुठल्याही वेगात ऐकू येणार. सगळ्या पंचेचाळीसवर लावल्या. बाजू लवकर संपते, आणि मी खोलीत फेऱ्या मारत ऐकतो. खरखर आली की वहीत फुली.

सगळे वादक गाडी चुकत असल्यासारखे पळत होते. एक गाणारी बाई होती, ती तर मिरची खाल्लेल्या पोपटासारखी. ताई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि दारात थांबली. बाईचं गाणं संपेपर्यंत उभीच होती. मग म्हणाली, ही ह्यांची फार आवडती होती. आणि गेली. मी नोंद केली: दुसऱ्या गाण्यात किरकोळ खरखर.

एका सकाळी आठ बाजू संपवल्या.

३ एप्रिल, गुरुवार.

ताई घरी नव्हती. किल्ली शेजारी ठेवलेली. टेबलावर थर्मासमध्ये चहा आणि बिस्किटांचा डबा. कुठे गेली ते शेजारणीला माहीत नाही. चांगलंच झालं. पार्टी साइटवर नसली की काम झपाट्याने होतं.

झालं नाही. खुर्चीत बसलो, उठलो. स्टुलावर बसून बघितलं. त्या घरात भिंतीवर घड्याळ आहे हे आज कळलं, इतकं वाजत होतं. शेजारचं दार उघडलं तेव्हा वाटलं ताई आली. नव्हती आली. थर्मासमधला चहा मला चालत नाही. बाराला निघालो.

१० एप्रिल, गुरुवार.

ताई आजही गायब. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टचं घर घेणारी बाई दर गुरुवारी जाते कुठे? इतर दिवशीही आता चहा दारातून पुढे करते आणि लगेच वळते. मी बोलावलं तरच थांबते. मी बोलावत नाही, कारण काम असतं.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, जाऊ दे ना, कुठेतरी जातात हे बरंच नाही का. मग चष्म्यावरून बघून म्हणाली, तुम्ही ताईंशी तिथे बोलता का हो? अर्थातच बोलतो. गेल्यावर आलो म्हणतो, निघताना निघतो म्हणतो.

१९ एप्रिल, शनिवार.

रिपोर्ट पूर्ण! जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. मोटारींच्या रिपोर्टला कंपनीने कधी स्टेपलरच्या पुढे खर्च केला नाही. शेवटच्या पानावरचा आकडा टाइप करताना माझाच हात थांबला होता. ताईचं आयुष्य बदलणार. शिवाय ह्या शहरात असा दुसरा रिपोर्ट कोणी केला नसेल, हे कळायला लागलं की इतर लोकही येतील. व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकली.

ताईने रिपोर्ट दोन्ही हातांनी घेतला. बाइंडिंग छान झालंय, म्हणाली. शेवटचं पान उघडलंच नाही. विचारलं काय, तर तुला त्यातली कुठली आवडली? म्हटलं, सर्व्हेअरला आवड नसते. ती म्हणाली, एखादी तरी. म्हटलं, चौदाव्या पानावर सगळ्यांची प्रतवारी आहे, बघ. ती बघते म्हणाली.

संकल्प: पोनीवाल्याशी बोलणी मीच करणार. ताई मऊ आहे, तो तिला गुंडाळेल.

२६ एप्रिल, शनिवार. दुपारी.

लिहायला हात वळत नाही.

रिपोर्टची प्रत आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन ताईकडे गेलो. खोली रिकामी. फळ्या उघड्या. परवा पोनीवाल्याचा टेम्पो येऊन सगळं घेऊन गेला. फक्त त्या सात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, चमकत. त्या तेवढ्या त्याने नेल्या नाहीत.

आणि किंमत? पोनीवाल्याने जानेवारीत सांगितली होती ती! जानेवारीत. मी कामाला हात लावायच्या आधी. तेव्हाच दोघांचं ठरलं होतं, आणि तो बिचारा माझं होईपर्यंत थांबून राहिला होता. बिचारा हा ताईचा शब्द.

मी पुष्कळ बोललो. बाजारभाव, फसवणूक, पहिली छपाई. ताई कप कागदात गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. शेवटी ओरडलो, मग मला कशाला बोलावलंस? ती म्हणाली, असंच. तो मोठा कप दे इकडे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी चिडेल. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, आता ऐकाच.

तिचं म्हणणं असं. मी नोकरी सोडल्यापासून सकाळ ते संध्याकाळ हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो, हे तिने ताईला फोनवर सांगितलं होतं. ताई म्हणाली, माझ्याकडे पाठव. हे गेल्यापासून मला अकरा ते एक घर खायला उठतं, ती आमची रेकॉर्ड ऐकायची वेळ होती. तो येऊन शेजारी बसला तरी पुरे. पण नुसतं ये म्हटलं तर तो येणार नाही, त्याला काहीतरी काम द्यायला हवं. म्हणून काम दिलं. बायको म्हणाली, आणि तुम्ही जाऊन काय केलंत, तर वायर काढून बॅगेत घातलीत.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. लेखी तर नाहीच नाही. आधी माहीत असतं तर मी तसं नियोजन केलं असतं.

फेऱ्या मारायला उठलो. बायकोने आज पाय वर घेतले नाहीत. त्यांना अडखळून सोफ्यावर बसलो.

२७ एप्रिल, रविवार.

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा? एक, कामाचं स्वरूप स्पष्ट केलेलं नव्हतं. दोन, ताईने स्वतः म्हटलं होतं, तुला जास्त कळतं. तीन, ती मला म्हणू शकली असती, बस जरा.

म्हणाली होती बहुतेक. वही मागे चाळून बघितली. शब्द तेच नव्हते, पण म्हणाली होती. चहा घेऊन येऊन स्टुलावर बसतं माणूस, त्याचा दुसरा अर्थ काय होतो? वाईट वाटलं. खूपच वाटलं. उद्या तिला फोन करणार आणि सरळ माफी मागणार.

२८ एप्रिल, सोमवार.

फोन केला. शिफ्टिंगला टेम्पो कुठला सांगितलास ते विचारलं.

३० एप्रिल, बुधवार.

ताईचं शिफ्टिंग. मी पहाटेपासून हजर. हमालांना कपाट कसं वाकवायचं ते सांगितलं, त्यांनी आपल्या पद्धतीने नेलं, कोपऱ्याला ओरखडा आला. मी काही बोललो नाही. हा माझ्यातला बदल आहे.

भाऊजींची खुर्ची नव्या घरात मावली नाही. ताई म्हणाली, ती दुकानात गेली, पोनीवाल्याच्या. (पोनीवाला हे नाव मी ठेवलेलं, पण आता तीही तेच म्हणते.) गुरुवारी मी तिथेच जाते, म्हणाली. तो मला हवी ती लावून देतो, आपली असो की दुसरी कुठली, आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःही बसून ऐकतो. तू ये कधीतरी. कागद आणू नकोस.

म्हटलं, येतो ना, त्यात काय.

८ मे, गुरुवार.

जायचं ठरलं होतं. जमलं नाही. गाडी धुवायची राहिली होती. धुतली. मग ती वाळेपर्यंत थांबावं लागलं.

बायको डॉक्टरकडे कामाला निघताना म्हणाली, गेला नाहीत ना. म्हटलं, पुढच्या गुरुवारी नक्की. एक पूर्ण बाजू, बसून, न उठता. बघच. ती म्हणाली, मला काय दाखवताय.

१५ मे, गुरुवार.

गेलो. ताईला घरून गाडीत घेतलं, दुकानाशी दोघं उतरलो.

अरुंद दुकान आहे, पुढे काच, दोन्ही बाजूंना रेकॉर्डींचे खोके, मागच्या टोकाला भाऊजींची खुर्ची आणि तिच्या शेजारी बाक. ताई खुर्चीत बसली. बाकावर पोनीवाल्याची पिशवी होती, ती तिने उचलून खाली ठेवली आणि जागा थोपटली. मी बसलो. पोनीवाल्याने कागदी कपांत चहा दिला आणि रिपोर्टबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्याने लावली ती नुसत्या पियानोची होती. कोणाशी भांडण नाही, घाई नाही. वाजवणारा मध्येच थांबायचा, सगळं संपलं की काय असं वाटायचं, आणि मग तो हळूच पुढचं बोट टेकवायचा. ताईने डोळे मिटले होते. तिची मान म्हाताऱ्या माणसाची झाली आहे, हे मी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. ती वर्षभर एकटी होती. मी तिच्या घरी दोन महिने रोज जात होतो आणि ती तेव्हाही एकटी होती. पियानोवाला पुन्हा थांबला. आता आपण इथे रडणार असं वाटलं, दुकानात, त्या माणसासमोर.

खिशावर हात मारला. फोन आल्यासारखा बाहेर काढला, सॉरी म्हटलं आणि दाराबाहेर जाऊन कानाला लावला. हो, बोला, म्हटलं. कुठला दरवाजा, डावा की उजवा? बंपरचा फोटो पाठवा. नाही, पार्टीला थांबायला सांगा, मी बघतो. रस्त्यावरची माणसं जात-येत होती. काचेतून बघितलं तर ताईने डोळे उघडले होते. तिने तिथूनच हात वर केला, चालू दे म्हणून. बाजू संपेपर्यंत मी बोलत होतो. फोनवर कोणी नव्हतं.

परत येताना गाडीत तिने विचारलं, कोणाचा होता? म्हटलं, जुन्या ऑफिसचा, त्यांचं ॲप अडकलंय, माझ्याशिवाय होत नाही. ताई म्हणाली, बरं झालं बाई. तिच्या दाराशी गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, पुढच्या गुरुवारी फोन घरी ठेवून ये.

म्हटलं, बघतो, काम किती आहे त्यावर.

काम काहीच नाहीये.